एकशे वीस दिवसांचा हिशेब

ही गोष्ट २०१९ च्या सप्टेंबरातली. इतकी वर्षं लिहिली नव्हती. आता पत्नीला विचारून लिहितो आहे. ती म्हणाली, "लिहा. पण माझं म्हणणं माझंच राहू द्या, तुमचं करून टाकू नका." तेवढी अट पाळायचा प्रयत्न करतो.

आमचं गाव ढाणकी. तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ. जिल्ह्याचं ठिकाण आम्हाला लांब पडतं आणि पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. त्यामुळे दुखणं मोठं असलं की ढाणकीची माणसं नांदेड गाठतात. राहायचं विदर्भात आणि दवाखाना मराठवाड्यात, ही आमच्याकडची जुनीच रीत आहे.

पत्नीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिली मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिच्या वेळी काहीच त्रास झाला नव्हता, म्हणून या वेळी मी निर्धास्त होतो. पहिली सोनोग्राफी पाचव्या महिन्यात केली. उशीर झाला तो माझ्यामुळेच.

तपासताना डॉक्टर मॅडम गप्प झाल्या. मग त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सरळ सांगितलं. बाळाच्या कवटीचा वरचा भाग तयार झालेला नाही आणि मेंदूचा मोठा भागही नाही. याला ॲनेनसेफली म्हणतात. यावर इलाज नाही. बाळ पोटात जाईल, नाहीतर जन्मल्यावर काही तासांत, फार तर थोड्या दिवसांत जाईल. काळीज मात्र चालू होतं. मी ते पडद्यावर पाहिलं होतं, लुकलुकत होतं.

मी विचारलं, हे कधी झालं? मॅडम म्हणाल्या, "सर, गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्यात मेंदू आणि मणक्याची नळी मिटते. वरचं टोक मिटलं नाही की असं होतं. तेव्हा बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं." फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिवस राहण्याच्या आधीपासून घेतल्या तर हा धोका पुष्कळ कमी होतो, हेही त्यांनी सांगितलं. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी लग्न झालेली मुलगी-सून असेल तर एवढं वाक्य तिच्यापर्यंत पोचवा. आम्हाला ते उशिरा कळलं.

मग त्या म्हणाल्या, "आज अठरा आठवडे पाच दिवस भरलेत. कायद्यानं वीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. दोन डॉक्टरांच्या सह्या लागतील. काय ते तुम्ही ठरवा, पण लवकर ठरवा."

मी शाळेत गणित शिकवतो. अठरा साते एकशे सव्वीस, अधिक पाच, एकशे एकतीस. वीस साते एकशे चाळीस. म्हणजे नऊ दिवस हातात. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत हा हिशेब झाला होता. आणि त्याच वेळी डोक्यात दुसरा आकडा घोळायला लागला होता, एकशे वीस.

मुसलमान घरात वाढलेल्याला हा आकडा बहुधा कुठून तरी ऐकून माहीत असतो. कुरआनच्या 'अल-मोमिनून' या तेविसाव्या सूरहमध्ये माणूस पोटात कसा घडत जातो त्याचे टप्पे आले आहेत. थेंबापासून सुरुवात होते आणि अखेरीस तो सगळ्यांहून निराळी अशी निर्मिती होतो. दिवस मात्र तिथे मोजलेले नाहीत. दिवस येतात हदीसमध्ये. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद यांनी सांगितलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिच्यात चाळीस-चाळीस दिवसांचे तीन टप्पे आहेत आणि त्यानंतर फरिश्ता येऊन रूह फुंकतो. चाळीस त्रिक एकशे वीस. यावरूनच बहुतेक उलमांनी धरलं की चार महिन्यांनी गर्भात रूह येते आणि त्यानंतर आईच्या जिवावर बेतल्याशिवाय गर्भ पाडता येत नाही.

गाडीत मी पाकिटाच्या मागे पेननं मांडणी केली. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ राहतो तो साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे एकशे एकतीसमधून चौदा वजा, एकशे सतरा. तीन दिवस उरले. सरकारकडून नऊ, शरीयतकडून तीन.

पत्नी खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिनं विचारलं, "काय लिहिताय?" मी म्हटलं, "काही नाही." पाकीट खिशात घातलं.

संध्याकाळी मगरिबनंतर मशिदीत मौलाना साहेबांना गाठलं. वयस्कर माणूस, फार न बोलणारा. सगळं ऐकून त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "मास्टर साहब, आपल्या हनफी किताबांत यावर एक मत नाही. काहींनी चार महिन्यांच्या आत, उज्र असेल तर परवानगी दिली आहे. काहींनी तेही मकरूह म्हटलंय. मालिकी तर पहिल्या दिवसापासून मना करतात." उज्र म्हणजे सबळ कारण. मग त्यांनी एका मुफ्ती साहेबांना फोन लावला. मक्केच्या फिक्ह परिषदेनं १९९० साली याच प्रश्नावर निर्णय दिला होता, तो तिकडून कळला. जाणकार डॉक्टरांनी खात्री दिली असेल की गर्भात गंभीर आणि इलाज नसलेला दोष आहे, तर आईबापाच्या मागणीवरून एकशे वीस दिवसांच्या आत गर्भपात करता येतो. त्यानंतर नाही.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू? मला एक 'अजून नाही' हवं होतं. अजून रूह आलेली नाही, म्हणजे अजून कुणी नाही, म्हणजे आपण कुणाला मारत नाही. ते मला मिळालं आणि सोबत तीन दिवसही मिळाले.

घरी आलो तर अम्मी जानमाजवरच बसून होती. तिला सगळं कळलं होतं. आमच्या घरात दखनी बोलतात, पण तिचं बोलणं मी मराठीतच देतो. ती म्हणाली, "अल्लाहनं दिलंय, तर नऊ महिने पुरे होऊ दे. घ्यायचं असेल तर तोच घेईल. तू कोण?" मी एकशे वीस दिवसांचं सांगितलं. मुफ्ती साहेबांचं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि एकच वाक्य बोलली, ते मात्र तिच्याच शब्दांत देतो: "मेरेकू सात बच्चे हुए."

आम्ही भावंडं पाच. लहानपणापासून बघतोय, कुणी विचारलं की अब्बा 'पाच' म्हणतात आणि अम्मी 'सात' म्हणते. एक बाळ आठव्या महिन्यात मेलेलं जन्मलं होतं. एक चौथ्या की पाचव्या महिन्यात गेलं. अब्बांच्या पाचांत ती दोन नाहीत. अम्मीच्या सातांतून ती कधी वजा झाली नाहीत. मी गणिताचा मास्तर, पण या दोन उत्तरांतला फरक मी कधी विचारला नव्हता.

त्या रात्री झोप आली नाही. आणि मला २००८ साल आठवलं.

तेव्हा मी डी.एड. करत होतो. मुंबईच्या निकेता मेहता यांचं प्रकरण रोज वर्तमानपत्रात यायचं. त्यांच्या पोटातल्या बाळाच्या हृदयात दोष होता आणि तो कळला वीस आठवडे उलटल्यावर. त्या, त्यांचे पती हरेश आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात परवानगी मागितली. ४ ऑगस्ट २००८ ला न्यायालयानं ती नाकारली. थोड्याच दिवसांत त्यांचा गर्भ आपोआप गेला. आमच्या होस्टेलवर यावर रात्ररात्र वाद झाले होते आणि मी तावातावानं बोललो होतो. जीव तो जीव, आजारी असला म्हणून काय झालं, आजारी आहे म्हणून उद्या कुणालाही मारणार का? माझ्या बोलण्यावर टाळ्या पडल्या होत्या. त्या बाईचा चेहराही मी कधी डोळ्यांसमोर आणला नव्हता. आता, अकरा वर्षांनी, मी पाकिटाच्या मागे आकडेमोड करत होतो.

मी उठून वही घेतली आणि एक रेघ ओढली. शाळेत संख्यारेषा शिकवतो तशी. तिच्यावर एकेक खूण करत गेलो. सगळे आकडे त्या रात्री ठाऊक नव्हते, काही नंतर शोधून भरले, पण वही तीच आहे.

सुरुवातीला शून्य. कॅथलिक चर्च इथेच खूण करतं: बीज फळलं त्या क्षणापासून माणूस. चौदा दिवस: प्रयोगशाळेत मानवी भ्रूण यापुढे वाढवायचा नाही, असा आपल्या आयसीएमआरचा नियम आहे, कारण साधारण तोवर एका भ्रूणाची जुळीही होऊ शकतात. बेचाळीस रात्री: सहीह मुस्लिममध्येच दुसरी एक हदीस आहे, तिच्यात बेचाळीस रात्रींनंतर फरिश्ता येऊन गर्भाला रूप देतो, म्हणून काही उलमा तिथेच थांबा म्हणतात. मग एकशे वीस दिवस. मग वीस आठवडे, १९७१ च्या गर्भपात कायद्याची तेव्हाची मर्यादा. पुढे सव्वीस आठवडे: तेव्हाच्या मातृत्व लाभ कायद्यात इथपर्यंत गर्भ गेला तर त्याला गर्भपात म्हणत आणि सहा आठवड्यांची रजा देत. अठ्ठावीस आठवडे: जन्म-मृत्यू नोंदणीच्या नियमांत यानंतर मेलेलं बाळ जन्मलं तरच त्याची 'मृतजन्म' म्हणून नोंद होते. त्याआधी गेलेल्याला सरकारी वहीत जागाच नाही. आणि शेवटची खूण पहिल्या श्वासाची. वारसा हक्क तिथे आहे. पोटातल्या बाळाचा वाटा हिंदू वारसा कायदाही राखून ठेवतो आणि शरीयतही, पण तो मिळतो जिवंत जन्मलं तरच.

रेघ भरून गेली. मुलांनी अशी रेघ काढून आणली असती तर मी विचारलं असतं, "उत्तर कोणतं?" पण नीट पाहिलं तर या खुणा एकाच प्रश्नाची उत्तरं नव्हत्याच. कोणी विचारत होतं, प्रयोग कुठे थांबवायचा? कोणी विचारत होतं, रजा किती द्यायची? कोणी जमिनीचा वाटा विचारत होतं. जीव कधी सुरू होतो, असा सरळ प्रश्न कायद्याच्या एकाही खुणेखाली नव्हता.

फिक्हचंही तसंच आहे, हे मला मागाहून वाचताना कळलं. पैगंबरांच्या काळात हुजैल कबिल्यातल्या दोन बायकांचं भांडण झालं. एकीनं दगड मारला आणि दुसरीचं पोटातलं बाळ गेलं. त्याची भरपाई द्यावी लागली. फुकहांनी ती पूर्ण माणसाच्या खूनबहाच्या विसाव्या हिश्शाएवढी धरली, शंभर उंटांच्या जागी पाच. म्हणजे पुरता माणूस नाही, पण काहीच नाही असंही नाही. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये लिहिलंय त्याचा आशय असा, की गर्भ राहिल्यावर त्याला हात लावणं हा गुन्हाच आहे आणि एकेक टप्पा पुढे जाईल तसा तो मोठा होत जातो. तिथे एकशे विसाव्या दिवशी दिव्याचं बटण दाबल्यासारखं काही नाही. पायरी-पायरीनं चढत जाणारी जबाबदारी आहे.

आणि नुसत्या तारखेवर विसंबलं तर काय होतं, त्याची पाटी मी दवाखान्यात वाचून आलो होतो. प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात ती लावावी लागते: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. या महाराष्ट्रानं १९८८ साली देशात सगळ्यात आधी त्यासाठी कायदा केला, पुढे १९९४ ला केंद्राचा कायदा आला. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे २००१ ला ९१३ मुली होत्या, त्या २०११ ला ८९४ झाल्या. मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत एकशे वीस दिवसांच्या आत दिसू शकतं. तेव्हा 'रूह आली नाही, म्हणून चालतं' हे एवढंच माझं उत्तर असेल, तर मुलगी नको म्हणून पाडणाऱ्यालाही तेच उत्तर लागू पडेल. कुरआन जिवंत पुरलेल्या मुलीला कयामतच्या दिवशी विचारायला लावतं, की कोणत्या गुन्ह्यासाठी तिला मारलं. तिथे तिचं वय कुणी मोजत नाही. म्हणजे दिवसांइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, कारण महत्त्वाचं. मौलानांनी 'उज्र' हा शब्द उगाच वापरला नव्हता. मीच तो कानाआड करून आकडा तेवढा घेऊन आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुड्डी झोपल्यावर पत्नीशी बोललो. मी वही उघडून तिला सगळं समजावत होतो. हनफी, मालिकी, एकशे सतरा, एकशे अठरा. तिनं वही माझ्या हातातून घेऊन मिटली.

"हिशेब तुम्ही करा," ती म्हणाली. "मी पहिल्या महिन्यापासून त्याच्याशी बोलते. माझ्यासाठी ते आहेच. रूह आज आली की परवा येईल, मला काय त्याचं?"

मला वाटलं, ती नाही म्हणतेय. मी म्हटलं, "म्हणजे नऊ महिने?"

"तसं कुठे म्हटलं? मॅडमला मी विचारलं, त्याला दुखेल का? तुम्ही तेव्हा पाण्याची बाटली आणायला गेला होता. त्या म्हणाल्या, दुखणं कळायला मेंदूचा जो भाग लागतो तोच त्याच्याकडे नाही. मी रात्रभर विचार केला. आणखी चार महिने लोक विचारणार, कितवा महिना? गुड्डी रोज पोटाला कान लावते. शेवटी हातात काय घेऊ? मला नाही झेपणार. मी त्याला आत्ताच पाठवते. त्याचा जाब अल्लाहनं मला विचारावा. मी सांगेन."

मी म्हटलं, "पण जाब विचारायचाच नाही. अजून रूहच नाही, तर..."

"तुम्हाला ते नाही असं समजून हो म्हणायचंय," ती म्हणाली. "मी ते आहे असं समजून हो म्हणतेय."

या वाक्यावर मी आजही अडकून आहे. जीव कधी सुरू होतो यावर मी जेवढे वाद ऐकले आणि वाचले, त्या सगळ्यांत एक गोष्ट दोन्ही बाजू गृहीत धरतात. जीव असेल तर हात लावायचा नाही, नसेल तर मोकळीक. म्हणून सगळी झटापट त्या 'असेल-नसेल'वर चालते. २००८ ला मी एका बाजूनं ती केली, २०१९ ला दुसऱ्या बाजूनं. माझ्या बायकोनं ते गृहीतच धरलं नाही. तिनं त्याला आपलं बाळ मानलं आणि आई म्हणून त्याच्यासाठी एक जड निर्णय घेतला. आमचं उत्तर एकच आलं, पण रीत अगदी उलटी. गणितात रीत चुकली तर मी मार्क कापतो. इथे कोणाचे कापायचे?

हे सगळ्यांना पटणार नाही. अम्मीला पटलं नाही. तिनं पत्नीच्या डोक्यावरून हात फिरवला, पण मत बदललं नाही. असंच बाळ असताना नऊ महिने पोटात वाढवून, जन्मल्यावर तासभर कुशीत घेऊन निरोप देणाऱ्या आयाही असतात. त्या चुकल्या असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? आणि ज्या दोषांवर इलाज आहे, जे मूल वेगळं असून चांगलं जगू शकतं, तिथे हाच तर्क लावायला मलाही भीती वाटते. होस्टेलवरचा माझा तो प्रश्न अगदीच मूर्खपणाचा नव्हता. तो मी चुकीच्या माणसाला विचारला होता.

बुधवारी दवाखान्यात दाखल झालो. संमतीचा फॉर्म आला. मी पेन काढून पुढे झालो तर मॅडम म्हणाल्या, "सर, तुमची सही लागत नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते." तिनं सही केली. हात थरथरला नाही.

गोळ्या सुरू झाल्या. मी बाहेर बाकावर बसून अजूनही मोजत होतो. आज एकशे एकोणीस. मग मगरिबची अजान झाली आणि लक्षात आलं, आपला दिवस तर मगरिबपासून बदलतो. म्हणजे आता एकशे वीस लागला. मी घाबरून मॅडमना विचारलं, गर्भ नक्की कोणत्या दिवशी राहिला हे सांगता येईल का? त्या जराशा थांबून म्हणाल्या, "सर, सोनोग्राफीतही या महिन्यात आठवडाभर इकडेतिकडे होऊ शकतं. नेमका दिवस कुणालाच सांगता येत नाही." माझा सगळा हिशेब तिथेच संपला. ज्या रेघेच्या अलीकडे राहायची माझी धडपड चालली होती, ती आम्ही कधीच ओलांडली असेल, किंवा अजून लांब असेल.

पहाटे बाळ आलं. काही हालचाल नव्हती.

दवाखान्याच्या नियमांत अशा गर्भाचं काय करायचं हे लिहिलेलं आहे. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत जगण्याजोगा न झालेला गर्भ पिवळ्या पिशवीत जातो. मॅडमनी स्वतःहून विचारलं, "तुम्हाला घेऊन जायचंय का?" मी हो म्हटलं. कागदपत्रं झाली. अम्मी सोबत आली होती. तिनं आपली पांढरी ओढणी पिशवीतून काढली, धुतलेली आणि घडी केलेली. म्हणजे विरोध असूनही ती घरून निघतानाच हे ठरवून आली होती. तिनंच बाळाला त्यात गुंडाळलं.

पैनगंगेचा पूल ओलांडताना ते माझ्या मांडीवर होतं. त्याला वजन म्हणण्यासारखं काही नव्हतं.

कबरस्तानात मौलाना आणि आम्ही चार माणसं. मौलानांनी समजावून सांगितलं. बाळ रडलं असतं, श्वास घेतला असता, तर जनाजाची नमाज झाली असती. इमाम अहमद यांच्याकडे चार महिन्यांनंतरच्या मृत बाळावरही नमाज पढतात. आपल्याकडे नाही. पण अवयव घडलेत, म्हणून कपड्यात गुंडाळून माणसासारखं दफन करायचं. नाव ठेवायचं असेल तर ठेवता येतं. नाव पत्नीनं ठेवलं होतं. ते इथे लिहीत नाही. मुलगा होता की मुलगी तेही लिहीत नाही. निर्णय घेताना ते आम्हाला माहीत नव्हतं आणि त्यानं काही फरकही पडला नसता.

खड्ड्यात माती लोटताना एक गोष्ट ध्यानात आली. ज्या दीननं मला तीन दिवसांपूर्वी परवानगी दिली होती, तोच आता मला कबर खणायला लावत होता. तेव्हा मला वाटलं होतं परवानगी म्हणजे 'तिथे कुणी नाही' असा दाखला. तसा दाखला मला कुणी दिलाच नव्हता. मौलानांनीही नाही. तो मी माझ्या मनानं बनवून घेतला होता.

त्यानंतर कायदा बदलला. २०२१ च्या दुरुस्तीनं वीसची मर्यादा काही बायकांसाठी चोवीस आठवडे झाली आणि गर्भात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळानं सांगितलं तर आठवड्यांची मर्यादाच राहिली नाही. निकेता मेहतांना जे मागायला कोर्टात जावं लागलं, ते आता त्या मंडळापुढे मागता येतं. तरी वाद संपलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या एका आईनं, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराचं कारण सांगून, सव्वीस आठवड्यांच्या गर्भासाठी सर्वोच्च न्यायालयाकडे परवानगी मागितली. आधी मिळाली, मग दोन न्यायमूर्तींचं एकमत राहिलं नाही, आणि १६ ऑक्टोबरला तिघांच्या पीठानं नकार दिला. एका बाजूला चालू असलेलं काळीज, दुसऱ्या बाजूला खचलेली बाई. ती बातमी मी वर्गावर जाण्याआधी शिक्षकांच्या खोलीत वाचली. सहकारी वाद घालत होते. मला विचारलं, "तुमचं काय मत?" मी म्हटलं, "ती बाई काय म्हणते ते आधी सगळं वाचतो."

दीडशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, १८६३ साली. लोक फसवल्या गेलेल्या विधवांना पापी ठरवत होते. या दोघांनी त्यांना सांगितलं, इथे या, सुखरूप बाळंत व्हा. बाळ आणि आई यांच्यात एकाची बाजू घ्यावी लागू नये, अशी जागा त्यांनी आधी तयार केली. वाद घालण्याआधी एवढं तरी आपण करतो का, हे मी आता स्वतःला विचारतो.

२०२१ मध्ये पत्नीला पुन्हा दिवस गेले. या वेळी गोळ्या आधीपासून सुरू होत्या आणि तपासण्या वेळेवर. पहिल्याच भेटीत नर्सनं कार्डावर लिहिलं: जी ३, पी १, ए १, एल १. परत येताना पत्नीनं विचारलं, "हे काय लिहिलंय?" मी सांगितलं. जी म्हणजे किती वेळा दिवस राहिले, पी म्हणजे बाळंतपणं, एल म्हणजे हयात मुलं.

"आणि ए?"

"ए म्हणजे अबॉर्शन."

ती कार्डाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे यांनीपण मोजलंय."

आता आमच्या घरात दोन मुलं आहेत. कुणी विचारलं की मी 'दोन' म्हणतो, सवयीनं. ती 'तीन' म्हणते. मी तिला दुरुस्त करत नाही. अम्मी पलंगावर बसून तसबीह ओढत ऐकत असते.